सांबार, अवियल आणि वर्ध्याची चूल

वर्धा जिल्ह्यातील एखाद्या गृहिणीने बाजारातून सांबार आणावयास सांगितले, म्हणजे आणणारा कोथिंबिरीची जुडी घेऊन येतो. तोच शब्द मद्रासकडील पाहुण्याच्या तोंडून निघाला, तर त्याच्या मनात डाळ, चिंच आणि भाज्या यांचे पातळ कालवण असते. वऱ्हाड-नागपूरकडे सांबारवडी होते ती कोथिंबिरीची. दक्षिणेकडे सांबार वाढतात ते भातावर. शब्द एक, पदार्थ दोन, आणि मध्ये शेकडो मैलांचे अंतर. परंतु या दोन चुलींचा संबंध केवळ शब्दापुरता नाही. तो मराठ्यांच्या इतिहासातून जातो, आगगाडीच्या रुळांवरून येतो, आणि विसाव्या शतकात वर्ध्याच्याच भूमीवर एका मोठ्या प्रश्नाशी येऊन ठेपतो. तो प्रश्न असा की, गरिबाच्या ताटात रोज भाजी कशी पडावी, आणि पडलेली भाजी त्याने आवडीने कशी खावी?

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इ. स. 1675 च्या सुमारास, शहाजीराजांचे पुत्र व शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. ती 1855 पर्यंत टिकली. व्यंकोजींचे पुत्र शाहजी यांनी 1684 ते 1712 पर्यंत राज्य केले. लोकांत अशी आख्यायिका आहे की, याच शाहजीराजांच्या मुदपाकखान्यात एकदा आमटीस आमसुले मिळाली नाहीत, म्हणून चिंच घालण्यात आली. आणि पाहुणे म्हणून आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्या आमटीस सांबार हे नाव पडले. कथा गोड आहे, आणि मराठी माणसास ती खरी वाटावी यात नवल नाही. तथापि गोड लागणे हा इतिहासाचा पुरावा नव्हे. संभाजीराजांचा अंत 1689 साली झाला, म्हणजे कालगणनेस बाध येत नाही, इतकेच फार तर म्हणता येईल. ‘संभार’ हा संस्कृत शब्द गोळा केलेली सामग्री या अर्थाने जुना आहे, आणि मसाल्याचा संभार हा मराठीतील रूढ प्रयोग आहे. वर्ध्याची कोथिंबीर आणि तंजावरची आमटी ही दोन्ही नावे या एकाच शब्दापाशी जाऊन मिळत असावीत, हे अनुमान आख्यायिकेपेक्षा अधिक सयुक्तिक दिसते.

आख्यायिका बाजूस ठेविली तरी तंजावरच्या मराठ्यांनी स्वयंपाकास विद्येचा मान दिला, ही गोष्ट निर्विवाद आहे. 1798 ते 1832 पर्यंत राज्य करणारे दुसरे सरफोजी हे ग्रंथप्रेमी होते. त्यांच्या काळी सरस्वती महाल ग्रंथालय भरभराटीस आले, आणि त्यांच्याच नावाचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ त्या संग्रहात आहे. तमिळ देशी राहून, तेथील भाजीपाला, तेथील चिंच व तेथील नारळ हाताशी घेऊन मराठी भाषेत पाककृती लिहून ठेवणे, ही गोष्ट लहान नव्हे. परक्या मातीचे अन्न आपलेसे कसे करावे, याचा तो वस्तुपाठच होय.

सांबारास डाळ लागते. परंतु दक्षिणेची जी भाजी या विवेचनाचा मुख्य विषय आहे तीत डाळही नाही. तिचे नाव अवियल. मलबार, त्रावणकोर आणि तमिळनाडूचा दक्षिण भाग हे तिचे माहेर. अवियल हे नाव ‘शिजणे’ या अर्थाच्या धातूपासून निघाले असून पुढे कोणत्याही मिश्रणास तोच शब्द लावू लागले. विराटनगरीत बल्लव म्हणून राहिलेल्या भीमसेनाने हाताशी होत्या त्या सर्व भाज्या एकत्र शिजवून ती प्रथम केली, अशी एक कथा सांगतात. दुसरी कथा त्रावणकोरच्या राजवाड्याचे नाव घेते. दोन्ही कथांचा मथितार्थ मात्र एकच: एका भाजीने पंगत भागेना, तेव्हा सर्व थोड्याथोड्या भाज्या एकत्र आल्या. सुरण, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, कोहळे, पडवळ, काकडी, चवळीच्या शेंगा अशी तिची सामग्री. तीत फोडणी नाही, परतणे नाही, गरम मसाला नाही. वाटलेले ओले खोबरे, हिरवी मिरची, जिरे, थोडे आंबट दही, आणि अखेरीस कच्चे खोबरेल व कढीपत्ता, एवढ्यावर ती उभी राहते.

वर्ध्याची परिस्थिती याहून निराळी. काळ्या जमिनीचा हा मुलूख कापसाचा, ज्वारीचा व तुरीचा. येथल्या कालवणास दाटपणा येतो तो भाजलेल्या सुक्या खोबऱ्याने, तिळाने, जवसाने किंवा शेंगदाण्याने. ओला नारळ येथे देवापुढे फुटतो आणि प्रसाद म्हणून वाटला जातो. रोजच्या भाजीत तो क्वचितच पडतो. जिल्हा 1862 साली नागपूरपासून वेगळा झाला. 1867 साली मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी आली. आणि 1929 साली बल्लारशा व काझीपेठ यांमधील दुवा जोडला जाऊन दिल्ली-मद्रास हा सरळ मार्ग वर्ध्यावरून सुरू झाला. त्या दिवसापासून दक्षिण देश वर्ध्याच्या दाराशी आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या मार्गाचे महत्त्व लवकरच प्रत्ययास आले. 1934 साली गांधीजी वर्ध्यास आले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेस व घरास मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघाची धुरा ज्यांच्या खांद्यावर आली ते जे. सी. कुमारप्पा 1892 साली जन्मले ते तंजावर येथेच. मराठी राजांनी ज्या नगरीत पाकशास्त्र लिहवून घेतले, त्या नगरीचा एक तमिळ सुपुत्र वर्ध्यास येऊन हातसडीचा तांदूळ, जात्याचे पीठ, घाण्याचे तेल आणि गूळ यांचे अर्थशास्त्र मांडू लागला. इतिहासातील योगायोग कधीकधी असे बोलके असतात.

मगनवाडीचे स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच होती. गांधीजींनी 1935 साली ‘हरिजन’ पत्रातून हातसडीचा तांदूळ, गूळ, सोयाबीन आणि हिरवा पाला यांविषयी लिहिले. खेड्यातील माणूस धान्य खातो, परंतु पाला व भाजी त्याच्या वाट्यास येत नाही, हे त्यांचे दुःख होते. 1936 च्या एप्रिलअखेर ते सेगावास राहावयास गेले. 1940 साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील भोजनातही भाज्या असत, पण उकडलेल्या व मसाल्यावाचून. एकादश व्रतांपैकी अस्वाद हे एक व्रत. अन्न हे औषधाप्रमाणे घ्यावे, जिभेच्या लाडासाठी नव्हे, अशी त्यामागील दृष्टी होती.

त्या दृष्टीची थोरवी मान्य करूनही एक अडचण राहतेच, आणि ती 1942 च्या जून महिन्यात एका परदेशी पाहुण्याने हसतखेळत उघड केली. अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामात राहिले. प्रत्येक जेवणास तीच उकडलेली भाजी समोर आल्यावर दोनतीन दिवसांतच ते कंटाळले. गांधीजींनी मीठ व लिंबू घेण्याची सूचना केली, तेव्हा चवीची हत्या करावयास सांगता काय, अशा आशयाचा विनोद त्यांनी केला. त्यावर ही हत्या नसून चवीची समृद्धी आहे, असे गांधीजींनी सुचविले. विनोद बाजूस सारला तर यात एक सत्य आहे. संयमी पुरुष व्रत म्हणून अळणी भाजी जन्मभर खाईल. पण शेतावरून थकून आलेला मजूर व शाळेतून परतलेले मूल ती ताटात टाकून मिरचीच्या ठेच्याकडेच वळेल. आरोग्याचा उपदेश जिभेच्या उंबरठ्यावर अडतो, तो असा.

1938 साली सेवाग्रामात हिंदुस्तानी तालीमी संघाचे कार्य सुरू झाले. त्याचे मंत्री आर्यनायकम् हे मूळचे सिंहलद्वीपातील जाफन्याचे तमिळ. नयी तालीमच्या शिक्षणात स्वयंपाक हाही शिक्षणाचा विषय होता. मुलांनी धान्य निवडावे, भाजी चिरावी, खर्चाचा हिशेब ठेवावा, आणि त्यातूनच गणित व आरोग्यशास्त्र शिकावे. चूल ही केवळ बायकांच्या कष्टाची जागा नसून सर्वांच्या ज्ञानाची जागा आहे, हा त्यातील विचार आजही जुना झालेला नाही.

आता आश्रमाची उकडलेली भाजी आणि केरळचे अवियल एकमेकांशेजारी ठेवून पाहावे. दोहोंत अनेक भाज्या एकत्र येतात. दोन्ही थोड्या पाण्यात शिजतात. दोहोंत तळणे नाही व मसाल्याचा डामडौल नाही. मग एक व्रत ठरते आणि दुसरी मेजवानी ठरते, ती कशामुळे? अर्ध्या नारळामुळे, वाटीभर दह्यामुळे आणि भाज्या शिजविण्याच्या क्रमामुळे. आश्रमाचा साधेपणा आणि लोकांची रुची यांमधील पूल दक्षिणेच्या गृहिणींनी कधीच बांधून ठेवला होता.

घरी ती करण्याची रीत अवघड नाही. पाचसहा माणसांसाठी पाव किलो कोहळे, दीडशे ग्रॅम सुरण, एक कच्चे केळे, शेवग्याच्या दोन शेंगा, मूठभर चवळीच्या शेंगा व थोडे पडवळ पुरे. सर्व फोडी बोटाएवढ्या लांब व सारख्या जाडीच्या असाव्यात. सुरणात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व त्यांनी घसा खवखवतो. म्हणून त्याच्या फोडी आधी चिंचेच्या पाण्यात घालून ठेवाव्यात. जाड बुडाच्या पातेल्यात प्रथम सुरण, केळे व शेंगा घालून हळद, मीठ आणि पेलाभर पाणी घालावे व झाकण ठेवावे. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेव्हा या बाबतीत दक्षिणेकडे पाहण्याचे कारणच नाही. अर्धवट शिजल्यावर कोहळे व पडवळ घालावे, कारण त्यांस स्वतःचे पाणी सुटते. पाणी ओतून टाकण्याची वेळ येऊ नये. त्याबरोबर सत्त्वही वाहून जाते.

अर्ध्या नारळाचा खव, तीनचार हिरव्या मिरच्या व चमचाभर जिरे पाट्यावर जाडसर वाटावे. अगदी गंधासारखे वाटले तर पदार्थाचे रूप जाते. हे वाटण भाजीत घालून एक वाफ आणावी. मग पातेले खाली उतरवून अर्धी वाटी घोटलेले दही मिसळावे. चुलीवर असता घातले तर ते फुटते. शेवटी दोन चमचे खोबरेल आणि कढीपत्ता, ज्यास वर्ध्याकडे गोडलिंब म्हणतात, हाताने चुरडून वर घालावा व लगेच झाकण लावावे. पळीने घोटू नये, पातेले हलवून घ्यावे. प्रत्येक फोड अखंड राहिली पाहिजे. भाताबरोबर ती उत्तम लागतेच, पण ज्वारीच्या भाकरीशीही तिचे वैर नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. कुमारप्पांनी ज्या अर्थशास्त्राचा पुरस्कार केला, त्यात जवळचे ते प्रथम हे सूत्र होते. मग वर्ध्याच्या खेड्याने दूरचा नारळ का आणावा? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, भाजी, दही, हळद व गोडलिंब ही सर्व घरच्या परसातली किंवा गावच्या बाजारातली असतात. बाहेरून येतो तो एक नारळ, आणि तोही सणावारी देवापुढे वाढविण्यासाठी घरोघर येतच असतो. प्रसाद वाटून उरलेली वाटी सुकत न ठेवता याच भाजीत पडली, तर देवाचे देवास पोहोचते व मुलांचे मुलांस.

तंजावरच्या मराठ्यांनी तमिळ देशाची चिंच आपल्या आमटीत घेतली, म्हणून त्यांचे मराठीपण उणे झाले नाही. तंजावरच्या कुमारप्पांनी वर्ध्याच्या घाण्याचे व जात्याचे काम आपले मानले, म्हणून ते कमी तमिळ झाले नाहीत. वर्ध्याच्या चुलीवर दक्षिणेचे अवियल चढले, तर झुणका-भाकरीचा मान जाईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या घरात आठवड्यातून एकदा सहा प्रकारच्या भाज्या एका पातेल्यात शिजतात आणि मुले ते पातेले पुसून खातात, त्या घरात मगनवाडीचा एक अपुरा राहिलेला प्रयोग पूर्ण झाला, असे समजावयास हरकत नाही.