मुकी कमान

मळवली स्थानकावर उतरून भाज्याच्या वाटेने गायमुख खिंडीत पोहोचले की उजव्या हातास लोहगड, डाव्या हातास विसापूर आणि गडाच्या पायाशी लोहगडवाडी दिसते. २०२५ च्या जुलैमध्ये लोहगड अन्य अकरा दुर्गांसह जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाला, ह्याचा आपल्या मावळकर कुटुंबांस आनंद होणे साहजिक आहे. गडावर मुलांस घेऊन जाणारे वडीलधारे तलवारीविषयी आणि तोफांविषयी भरभरून बोलतात. तिरंदाजाचे नाव मात्र क्वचितच निघते. ही उणीव थोडीशी भरून काढावी म्हणून हा लेख.

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली, तीत शिवछत्रपतींच्या पायदळाची रचना आली आहे. नऊ पाइकांवर दहावा नाईक, आणि लोकांत बंदुकी, इटेकरी, आडहत्यारी व त्यांच्या जोडीस तिरंदाज. बंदूक घरोघर ठाऊक झालेल्या त्या काळातही तिरंदाज का ठेवावा लागे? पाऊस हे त्याचे उत्तर नव्हे. मावळच्या पावसात तोडा विझतो हे खरे. परंतु शिंग, लाकूड व स्नायुतंतू सरसाने जोडून केलेली कमानही दमट हवेत ढिली पडते. हिंदुस्थानात पोलादी कमानी घडविल्या गेल्या, त्याचे एक कारण हेच. आमच्या मते खरे उत्तर रात्रीत आहे. तोड्याच्या बंदुकीचा पेटता तोडा अंधारात निखाऱ्यासारखा दिसतो, त्याचा वास वाऱ्यावर जातो, आणि बार निघाला की उजेड व आवाज दोन्ही बंदूकवाल्याचा ठिकाणा सांगतात. कमानीस उजेड नाही, वास नाही. तिची चुगली करणारी एकच गोष्ट, ती म्हणजे दोरीचा आवाज.

पुराणांनी ह्या आवाजाचा गौरव केला. गांडीवाच्या टणत्काराने विराटपुत्र उत्तर गडबडून गेला, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. रणांगणात समोरासमोर उभ्या ठाकलेल्या वीरास तो टणत्कार शोभतो. झाडीत दडलेल्या पारध्यास किंवा पहाऱ्यावरील पाइकास तोच घातक होय. थोडे गणित करून पाहावे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. हातकमानीचा बाण पन्नासच्या आसपास. तीस मीटरांवरील हरणास आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत कळतो आणि बाण पोहोचावयास सहा दशांश सेकंद लागतात. मधल्या अर्ध्या सेकंदात ते दचकून खाली दबते व बाण पाठीवरून निघून जातो. नेम चुकला असे आपण म्हणतो. वस्तुतः नेम बरोबर असतो, आवाज चुकलेला असतो.

हा आवाज येतो कोठून? ओढलेल्या कमानीत साठलेले बळ सर्वच्या सर्व बाणास मिळत नाही. उरलेले भुजांत आणि दोरीत थरथरत राहते, आणि तेच कानी पडते. बाण फार हलका असेल तर मागे उरणारे बळ वाढते, म्हणून आवाजही वाढतो व कमानीस इजा होते. बाण न लावता रिकामी दोरी सोडणे तर कमान मोडण्याचाच उपाय. बाण थोडा जड घेतला की कमान पुष्कळशी शांत होते. पल्ला कमी होतो, पण झाडीत लांब पल्ल्याचे काम काय? टोके उलट वळविलेल्या कमानीत आणखी एक भानगड असते. तिची दोरी परत येताना त्या वळणावर आपटते व चटकन वाजते. बांबूच्या साध्या कमठ्यात हा दोष नाही.

उपाय साधे आहेत, पण ते एकेक करून पाहावे लागतात. दोरीस पीळ वाढविला की ती आखूड होते आणि मुठीपासून दूर राहते. हे अंतर मूठ मिटून अंगठा उभा धरून मोजण्याची रीत इंग्रज तिरंदाजांतही होती. अंतर फार कमी असले तर दोरी मनगटास लागते आणि भुजाही घुमतात. फार वाढविले तर कमानीवर नाहक ताण येतो व बाणाचा जोर घटतो. म्हणून चार-दोन पीळ द्यावे, बाण सोडावा, कान द्यावा, पुन्हा पीळ द्यावे. एका ठिकाणी आवाज एकाएकी जाड व बुटका होतो, तेथे थांबावे. बाणाच्या बुडाची खाच दोरीवर बेताने बसावी. दोरीस टिचकी मारताच बाण गळून पडेल इतपत. दोरीच्या दोन्ही टोकांकडे, वळणास न लागेल अशा बेताने, लोकरीचा लहानसा गोंडा बांधला की थरथर त्यात जिरते. वळणावर दोरी पडते तेथे मऊ चामडे चिकटवावे.

ही विद्या मागे का पडली, त्याची कारणे शोधावयास दूर जावे लागत नाही. बंदुका सुधारल्या. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणही घातले. स्वराज्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद केली, आणि ते योग्यच झाले. साताऱ्याकडील सरडे गावचे प्रवीण जाधव ह्यांच्यासारखे तिरंदाज ऑलिंपिकपर्यंत गेले. परंतु त्यांच्या लक्ष्यास कान नसतात.

आता एक घरची गोष्ट, थोडी लाजेची. आमच्या आजोळी देवघरात एक शिंगी कमान होती. खंडेनवमीस तिला हळदकुंकू लागे आणि ती पुन्हा खुंटीवर जाई. अशी कमान उतरविली म्हणजे उलट बाजूस वळते, जवळजवळ वर्तुळासारखी. आम्हां भाचरांस हे ठाऊक नव्हते. दिसते तेच वळण खरे समजून आम्ही तिच्यावर सुतळी चढविली, आणि दोघांनी मिळून ओढताच ती मधोमध फाटली. मामा काही बोलले नाहीत. तुकडे गोळा करून त्यांनी फडक्यात बांधले. पुष्कळ वर्षांनी ते गाठोडे सोडले तेव्हा शिंगाचा, लाकडाचा व तंतूंचा थर वेगवेगळा दिसला, आणि दोन्ही वळणांवर, दोरी जेथे पडावी नेमक्या त्या जागी, चामड्याची झिजलेली चकती. ती तेथे कशासाठी होती, हे सांगणारे कोणी तोवर घरात उरले नव्हते.

ज्या सभासदांच्या घरी अशी कमान असेल त्यांनी तिच्यावर दोरी चढवू नये, तेलपाणीही करू नये. वळणाजवळ चामडे, लोकर किंवा दोरीची झीज दिसते का, एवढे मात्र पाहावे, आणि मापासह एक छायाचित्र मंडळाकडे पाठवावे.