तेराव्या पानाची गोष्ट

धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. बाभुळगावच्या आमच्या घरात कापसाची पहिली वेचणी येऊन पडली होती, आणि ओसरीवर पुण्याहून आलेली पुतणी एक नवाच खेळ मांडून बसली होती. खेळ म्हणजे पत्तेच. पण त्यांत बदाम-इस्पिक नव्हते. सगळी पाने चित्रांची. त्यांना टॅरो म्हणतात आणि त्यांवरून माणसाचे पुढचे सांगतात, असे तिने आम्हांला समजावले. घरातल्या प्रत्येकाने एकेक पान ओढले. कुणाला सूर्य आला, कुणाला चक्र. मग तिने आपल्या आईपुढे गड्डी धरली.

वहिनींनी पान उलटले आणि ओसरी गप्प झाली. पांढऱ्या घोड्यावर काळे चिलखत घातलेला हाडांचा सापळा बसला होता. खाली मृत्यू असे इंग्रजीत छापलेले, वर तेराचा आकडा.

माझे थोरले बंधू जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. पुतणी घाईने म्हणाली, "आई, याचा अर्थ मरण नाही गं! याचा अर्थ बदल. जुनं संपून नवं सुरू होतं."

वहिनी पानाकडे पाहतच होत्या. "मरण नाही, तं मंग हाडकाचा सापळा कायले काढला?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "भाऊजी, तुम्ही इतिहास शिकवला ना? तुम्हीच सांगा."

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला खरा, पण या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दिवाळीनंतरचे कित्येक दिवस मग त्याच्या शोधात गेले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही, की ही पाने भविष्यासाठी जन्मलीच नाहीत. पत्त्यांचा खेळ युरोपात पोचला तो 1370 च्या सुमारास, मुसलमानी मुलखांतून. इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या काळातली एक गड्डी इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आजही जपलेली आहे. तिच्यावर पेले, नाणी, तलवारी आणि चेंडू खेळण्याच्या काठ्या आहेत. पुढे 1440 च्या आसपास उत्तर इटलीत कुणाला तरी या गड्डीत चित्रांची आणखी बावीस पाने घालण्याची कल्पना सुचली. एकूण पाने झाली अठ्ठ्याहत्तर. ही जादा पाने म्हणजे कायमचे हुकूम! साध्या पानांवर ती मात करत, आणि आपसांत ज्याचा मान मोठा ते जिंके. सरदारांच्या वाड्यांत हा खेळ रंगे, जसा आपल्याकडे 'तीनशे चार'चा डाव रंगतो.

आता त्या हुकमांची उतरंड पाहा. मार्सेच्या प्रसिद्ध गड्डीत सम्राट चौथा, धर्मगुरू पाचवा आणि मृत्यू तेरावा. म्हणजे मृत्यूचे पान पडले, की सम्राटही गेला आणि धर्मगुरूही. खेळणाऱ्यांना याचा अर्थ कुणी शिकवावा लागत नसे. 1347 ते 1351 या अवघ्या चार वर्षांत प्लेगने युरोपातली निदान एकतृतीयांश माणसे नेली होती, आणि पुढेही तो फिरून फिरून येत होता. आपल्या वऱ्हाडाला हे नवे नाही. 1918 च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात जो कहर केला, त्याच्या गोष्टी सांगताना माझे आजोबा मध्येच थांबत असत. तेव्हा वहिनींची शंका रास्त होती. सापळा काढणाऱ्याच्या मनात मरणच होते.

मिलानच्या राजघराण्यासाठी रंगवलेल्या जुन्या पानावर हा सापळा धनुष्यबाण घेऊन उभा आहे. मार्सेच्या पानावर मात तो शेतकरी झाला आहे. हातात मोठा विळा, आणि आपण सोयाबीन सोंगावे तसा तो शेत सोंगतो आहे. जमिनीवर मुंडकी, हात, पाय. त्यांत एक मुंडके मुकुटाचे. मधून मधून रोपेही उगवलेली. बहुतेक गड्ड्यांत या पानावर नावच लिहीत नसत. आपल्याकडेही सापाला 'लांबडं' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार असावा.

मग 'बदल' हा अर्थ आला कुठून? 1781 साली पॅरिसच्या कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने जाहीर केले, की ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान होय. इजिप्तची चित्रलिपी तोवर कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्याँने ती उलगडली 1822 मध्ये. त्या लेखांत पत्त्यांचा मागमूस नव्हता, पण तोवर भविष्य सांगणाऱ्यांनी पाने उचलली होती. गंमत अशी, की पत्ते इजिप्तकडून आले हे काही अंशी खरेच; फक्त ते फेरोच्या पुरोहितांचे नव्हते, सुलतानाच्या काळच्या खेळाडूंचे होते!

पुतणीच्या हातातली गड्डी 1909 साली लंडनमध्ये निघाली. वेट यांनी योजलेली ती चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. या पानावर राजा मरून पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणी तोंड फिरवते आहे. फक्त एक लहान मूल सापळ्याकडे सरळ पाहते आहे. मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. 'बदल' हा अर्थ रुळला तो अशाच मंडळींच्या हातून.

आपल्या गंजिफांत असे पान नाही. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीच्या चितारींनी रंगवलेल्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस गोल पाने असतात. दिवसा डाव रामाच्या राजाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. शेवटचा अवतार कल्की. त्याचाही घोडा पांढराच, आणि तो आला की कलियुग संपून कृतयुग सुरू व्हायचे.

हे सारे मी पुढच्या धनत्रयोदशीला वहिनींना सांगितले. त्या कणकेचा दिवा वळत होत्या. यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचा, अपमृत्यू टळावा म्हणून. वर्षभर ती दिशा टाळायची, आणि त्या एका सांजेला तिकडेच दिवा लावायचा. पुढे भाऊबीजेला तोच यम यमुनेच्या घरी जेवायला येतो.

"म्हंजे पोरगी खोटं बोलली नाही," वहिनी म्हणाल्या, "पण आधी मरण, मंग बदल. ते आधीचं गाळून कसं चालीन?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तेराच्या पुढचं पान कोणतं?"

पुतणीने गड्डीतून चौदावे पान काढून दिले. एक देवदूत एका पेल्यातले पाणी दुसऱ्या पेल्यात ओततो आहे. वहिनींनी ते दिव्याच्या उजेडात धरून पाहिले.

"सांडू देत नाही बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि दिवा उचलून दाराकडे गेल्या.