'कास्ट' शब्दाचें मूळ आणि जुन्या कागदांतील 'जात'

सामाजिक शास्त्रावरील इंग्रजी ग्रंथांत हिंदुस्थानासंबंधीं जे शब्द वारंवार येतात, त्यांत 'कास्ट' हा अग्रगण्य होय. तो आपल्या 'जाति' शब्दाचा इंग्रजी प्रतिशब्द होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज तपासल्यावांचून मराठी कागदांचे इंग्रजी गोषवारे वाचणें व लिहिणें धोक्याचें आहे, म्हणून या शब्दाचा वृत्तांत येथें थोडक्यांत देत आहों.

(१) हा शब्द मूळचा पोर्तुगीज व स्पॅनिश 'कास्ता'. त्याचा अर्थ वाण, पैदास, कूळ. पोर्तुगालांत द्राक्षांच्या वाणांस आजही 'कास्ता'च म्हणतात. आपण आंब्याची 'जात' म्हणतों तसेंच तें. आपल्याकडे जसा 'जातिवंत', तसा त्यांच्याकडे 'कास्तिसु'. पोर्तुगीज आईबापांच्या पोटीं हिंदुस्थानांत जन्मलेल्यांस हें नांव होतें. याच शब्दाचें अनेकवचन स्पॅनिश अमेरिकेंत मिश्र रक्ताच्या लोकांस लावीत. लॅटिन 'कास्तुस', म्हणजे शुद्ध, यापासून 'कास्ता' झाला असें पूर्वीं सर्वमान्य होतें. परंतु कोरोमिनास या व्युत्पत्तिकोशकारानें तें अमान्य करून गॉथिक मूळ सुचविलें. तेव्हां शब्दाच्याच पोटांत शुद्धाशुद्धतेची कल्पना आहे, असें धरून पुढें सिद्धांत उभारणें निराधार होय.

(२) गोवें इ. स. १५१० त पोर्तुगीजांच्या हातीं गेल्यावर हा शब्द इकडील समाजास लागूं लागला. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनस्पतींवरील ग्रंथ गोव्यांतच इ. स. १५६३ त छापला गेला. बापाचा धंदा मुलगा सोडीत नाहीं हें सांगतांना तो चांभारांची 'कास्ता' म्हणतो. पुढें इ. स. १५६७ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेच्या ठरावांत, उच्चनीच कास्ता व परस्परांतील अन्नोदकाचा निषेध यांचा उल्लेख आहे. म्हणजे वाण या अर्थास प्रथम धंदा व मग पंक्तिभेद असे दोन नवे अर्थ जडले.

(३) इंग्रजांनीं हा शब्द पोर्तुगीजांपासून घेतला. निकोलस विदिंग्टन हा इ. स. १६१३ च्या सुमारास वाण्यांच्या तीसांवर 'कास्ट' सांगतो. हेन्री लॉर्ड इ. स. १६३० त ब्राह्मणांच्या ब्यायशीं सांगतो. अर्थात् त्यांच्या दृष्टीनें हे पोटभेद होते. सांप्रतचें इंग्रजी वर्णलेखन इ. स. १८०० च्या आसपास, बहुधा फ्रेंचांच्या अनुकरणानें, स्थिर झालें. पुढें वर्ण चार, जाती अनेक, परंतु इंग्रजी शब्द दोहोंस एकच, असें झालें. दक्षिणेंतील रूढींवरील स्टील यांचें इ. स. १८२७ चें संकलन याच शब्दाखालीं निघालें, आणि इ. स. १९०१ च्या खानेसुमारींत रिस्ले यांनीं याच शब्दाखालीं लोकांची सामाजिक मानाप्रमाणें प्रतवारी लावण्याचा यत्न केला.

(४) आतां मराठी कागदांकडे वळूं. त्यांतील 'जात' हा एक शब्द नसून दोन आहेत. एक संस्कृत 'जाति', जन् धातूपासून झालेला. दुसरा अरबी-फारसी 'झात', म्हणजे स्वतः, व्यक्ति. पत्रांत 'जातीनें येणें' असें असतां 'स्वतः येणें' एवढाच अर्थ आहे. ज्ञातीचा तेथें संबंध नाहीं. मोंगली मनसबींतील 'जात व स्वार' यांतील जातही हीच. पुरंदरच्या तहानें (इ. स. १६६५) संभाजीराजांच्या नांवें जी पंचहजारी मनसब ठरली, ती याच पद्धतींतील.

'गोत' शब्दाचेंही असेंच आहे. वतनाच्या महजरांत निवाडा करणारें गोत हें एका जातीचें मंडळ नसे. पाटील, कुळकर्णी व निरनिराळ्या जातींचे बलुतेदार त्यांत बसत. त्यास जातपंचायत समजून गोषवारा केल्यास, सबंध गांवानें दिलेला निकाल एकाच ज्ञातीच्या नांवावर जातो व वतनाचा पुरावाच विपरीत होतो.

(५) तात्पर्य, 'कास्ट' हें कोणत्याही एका मराठी शब्दाचें भाषांतर नसून, एका परकी शब्दावर तीन शतकांत चढलेल्या अर्थांचा तो थर आहे. इंग्रजी गोषवाऱ्यांत हा शब्द आढळल्यास मुळांत जात, ज्ञाति, वर्ण कीं गोत आहे, हें अस्सल कागद पाहूनच ठरवावें. दप्तरांच्या याद्या करणाऱ्यांस आमची विनंति एवढीच कीं, असा शब्द येईल तेथें मुळांतील शब्द जसाच्या तसा उतरून ठेवावा. अस्सल कागद जीर्ण होऊन नाहींसा झाला, तर पुढील अभ्यासकास तेवढाच आधार उरेल.