‘दखलपात्र’ची कुळकथा

बेंबळीला पोलीस ठाणे आहे. धाराशिव तालुक्याच्या या टापूतला सामाईक बांधावरचा वाद असो की पाण्याच्या पाळीवरची हाणामारी, गावात मिटली नाही तर ती ठाण्यात जाते. फिर्याद देऊन परतलेल्या माणसाला लोक एकच विचारतात, “गुन्हा दाखल झाला, का नुसती एनसी?” या ‘नुसती’ शब्दातच सगळा गैरसमज साठला आहे. एनसी म्हणजे तक्रार खोटी ठरली, किंवा कायद्याच्या लेखी काही घडलंच नाही, असं मराठवाड्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात धरलं जातं. एनसी म्हणजे ‘नॉन-कॉग्निझेबल’, आणि गैरसमजाचं मूळ आहे त्यातल्या इंग्रजी विशेषणात: कॉग्निझेबल.

या शब्दाचं कूळ लॅटिनमधलं. ‘जाणणे’ या अर्थाच्या तिथल्या धातूचं आणि संस्कृतातल्या ‘ज्ञा’चं मूळ एकच. फ्रेंचमार्गे तो इंग्लंडच्या न्यायालयांत गेला आणि तिथे ‘कॉग्निझन्स’ म्हणजे न्यायालयाने प्रकरण अधिकृतपणे हाती घेणं, असा अर्थ पक्का झाला. विशेषण सतराव्या शतकातलं. सर्वसाधारण इंग्रजीत त्याचा अर्थ ‘जाणता येईल असा’. पण बोलण्यात तो क्वचितच येतो. शिकणाऱ्यांची गल्लत होते ती ‘कॉग्निझंट’शी. जाणीव असलेला माणूस कॉग्निझंट, आणि ज्याची दखल घेता येते ती बाब कॉग्निझेबल. पहिलं विशेषण जाणणाऱ्याचं, दुसरं जाणल्या जाणाऱ्या गोष्टीचं.

पोलिसी अर्थ मात्र त्याला हिंदुस्थानात मिळाला. १८६१च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याला एक लांबलचक तक्ता जोडला होता. कोणत्या गुन्ह्यात पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येते आणि कोणत्या नाही, याचा त्यात स्वतंत्र रकाना होता. १८८२च्या कायद्यात तर ‘कॉग्निझेबल’ची व्याख्याच तशी केलेली आहे: पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात तो गुन्हा. १८९८ आणि १९७३च्या संहितांनी ती पुढे चालवली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

बेंबळीला हे विशेषण उशिरा पोचलं. हा मुलूख निजामाचा, राज्यकारभार उर्दूत. उर्दू कायद्यात अशा गुन्ह्याला ‘काबिल-ए-दस्तअंदाजी’ म्हणतात, म्हणजे जिथे हात घालता येतो असा. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि १९५१ मध्ये भारतीय दंड संहिता व फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्यात लागू झाल्या. हिंदीने यासाठी ‘संज्ञेय’ शब्द घेतला. तो लॅटिन मुळाशी इमान राखतो, पण पोलिसाचा त्यात मागमूस नाही. मराठीने अरबी ‘दखल’ला संस्कृत ‘पात्र’ जोडलं. अरबीत दखल म्हणजे प्रवेश, शिरकाव. मला मराठी शब्द हिंदीपेक्षा सरस वाटतो, कारण कुणीतरी प्रकरणात शिरणार आहे हे तो सांगतो.

कुणी शिरायचं, हे मात्र तोही सांगत नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. ‘दखलपात्र’ म्हणजे पोलिसांनी आपण होऊन दखल घेण्याजोगा. ‘अदखलपात्र’मधला नकार पोलिसांच्या त्या अधिकारापुरता आहे, घडलेल्या गोष्टीला नाही. अदखलपात्र गुन्ह्याची दखल न्यायदंडाधिकारी घेऊ शकतात आणि त्याला शिक्षाही आहे. साधी दुखापत पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३ मध्ये होती; ३२३, ५०४, ५०६ हे आकडे खेड्यापाड्यांत पाढ्यांसारखे पाठ आहेत. आता तीच दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) मध्ये आहे. गुन्हा अदखलपात्र, तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याचं डोकं फुटलं त्याला ‘अदखलपात्र’ हा शब्द अपमानासारखा लागतो, हे मी समजू शकतो. म्हणून तर त्याचा खरा अर्थ त्याला ठाण्याच्या दारातच कुणीतरी सांगायला हवा.

नव्या संहितांनी सीमारेषाही थोड्या हलवल्या. चोरी दखलपात्रच आहे. पण ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरणाऱ्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर समाजसेवेच्या शिक्षेची, आणि तो प्रकार नागरिक सुरक्षा संहितेच्या तक्त्यात अदखलपात्र म्हणून दाखवला आहे. शेतातून केबलचा तुकडा गेला, तर हा फरक शेतकऱ्याच्या थेट अंगावर येतो.

तेव्हा हातात एनसीचा कागद पडला तर तो फाडू नका, जपून ठेवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश मिळाला की पोलिसांना त्याच प्रकरणाचा तपास करता येतो. तुम्हाला थेट न्यायालयात खासगी फिर्यादही देता येते. एकाच घटनेतल्या अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र मानलं जातं, म्हणून काठी, कुऱ्हाड, दगड, जे वापरलं गेलं असेल ते फिर्यादीत सांगायला विसरू नका; हत्यारावरून गुन्हा दखलपात्र ठरू शकतो. आणि गुन्हा दखलपात्र असेल तर त्याच संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळाली पाहिजे. ती मागून घ्या.