कापड अडवलं, कापूस अडकला : १९३३ ची गोष्ट

गेले काही आठवडे इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे: "टॅरिफवर एपिसोड कधी?" तर आज करू. ट्रम्पसाहेब मात्र यात एकदाच येतील. आत्ता येतील आणि लगेच जातील.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. त्यातला निम्मा भाग आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. कपडे शिवून अमेरिकेला पाठवणाऱ्या कंपन्यांचं धाबं दणाणलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचा ११ टक्के आयात कर माफ केला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. हेतू असा की गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा. माझे मामा यवतमाळ जिल्ह्यात कापूस लावतात. त्यांचा मला एका ओळीचा मेसेज आला: "तेल घेतलं कोनं, अन् भाव पाडला कोनाचा?"

त्यांना उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो आणि थेट १९३३ सालात जाऊन अडकलो. आजची गोष्ट तिथली आहे. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला ओसाका, आणि मध्ये वऱ्हाड-खानदेशातला कापूस.

आधी व्यवहार समजून घेऊ. आपल्याकडचा तेव्हाचा बराचसा कापूस आखूड धाग्याचा. मँचेस्टरच्या गिरण्यांची यंत्रं अमेरिकेच्या लांब धाग्यावर बसवलेली, त्यामुळे इंग्लंडला आपला कापूस फारसा नको असायचा. जपानला मात्र हवा असायचा. भारतीय, अमेरिकन, चिनी असा वेगवेगळा कापूस योग्य प्रमाणात मिसळून चांगलं सूत काढायचं, यात जपानी गिरण्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आपल्या कापूस निर्यातीतला साधारण निम्मा माल एकटा जपान उचलायचा. टोयो मेंका, निप्पॉन मेंक्वा, गोशो या जपानी कंपन्यांची मुंबईत ऑफिसं होती आणि आतल्या बाजारपेठांपर्यंत त्यांचे खरेदीदार जायचे. हार्बर लाइनवाल्यांनो, कॉटन ग्रीन स्टेशनजवळ कॉटन एक्स्चेंजची जुनी इमारत दिसते ना, तिथला बाजार ओसाकाच्या तारेकडे कान लावून बसायचा.

हे नातं सुरू कसं झालं, तर चक्क दोस्तीतून. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले. मुंबई ते जपान मालवाहतुकीवर तेव्हा पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची आणि तिच्या साथीदारांची पकड होती आणि भाडं ते म्हणतील तेवढं. टाटांनी निप्पॉन युसेन काइशा या जपानी बोट कंपनीशी हातमिळवणी केली. पी अँड ओने भाडी पाडून टाटांची लाइन बुडवली. जपानी लाइन टिकली, कारण तिच्या पाठीशी जपानी गिरण्या आणि सरकार दोन्ही उभे राहिले. त्या बोटींतून आपला कापूस गेला, आणि पुढे त्याच कापसाचं कापड होऊन परत आलं.

किती आलं? १९१३-१४ मध्ये इंग्लंडहून भारतात ३०० कोटी यार्डांच्या वर कापड येत होतं आणि जपानहून १ कोटी यार्डसुद्धा नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंड अडकलं, ती मोकळी जागा जपानने भरली. १९३२-३३ पर्यंत चित्र असं झालं की इंग्लंडचं कापड सुमारे ६० कोटी यार्ड आणि जपानचं सुमारे ५८ कोटी. म्हणजे जवळपास बरोबरी. धोतरजोड्यासुद्धा जपानहून यायच्या, काठासकट!

स्वस्त का पडायचं याची बरीच कारणं आहेत. साकिची टोयोडांचा स्वयंचलित माग हे एक. त्याचं पेटंट १९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने १ लाख पौंडांना विकत घेतलं. ज्या लँकेशायरने जगाला माग विकले, ते आता जपान्याचं डिझाइन घेत होतं. (हो, हेच ते टोयोटावाले टोयोडा. तो एपिसोड वेगळा.) पण १९३१ नंतर जे झालं ते यंत्रांमुळे नव्हे, राजकारणामुळे. सप्टेंबर १९३१ मध्ये जपानी लष्कराने मांचुरियात घुसखोरी केली. चीनमध्ये संतापाची लाट उठली आणि जपानी मालावर बहिष्कार सुरू झाला. चीन हे जपानी कापडाचं हक्काचं गिऱ्हाईक होतं. ते दार लागल्यावर माल दुसरीकडे वळला, आणि दुसरीकडे म्हणजे आपल्याकडे. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णमान सोडला आणि डॉलरच्या हिशेबात येन वर्षभरात निम्म्याहून खाली आला. आपला रुपया मात्र पौंडाला बांधलेला, १ रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स. मुंबईचे गिरणीमालक कधीपासून १ शिलिंग ४ पेन्स मागत होते, म्हणजे रुपया जरा हलका करा. पण हा दर लंडनच्या सोयीने ठरायचा.

आता मुंबईच्या गिरण्यांकडे येऊ, कारण त्यांचंही दुखणं खरं होतं. १८९६ पासून ब्रिटिश सरकारने भारतातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लावला होता. का? तर बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के जकात होती, आणि त्यामुळे मुंबईच्या गिरण्यांना फायदा होतो अशी लँकेशायरची ओरड होती. म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच मालावर, परक्याला बरोबरी वाटावी म्हणून कर. याच्याविरुद्ध पुण्यात टिळकांनी विलायती कापडाच्या बहिष्काराची चळवळ चालवली, स्वदेशीच्या प्रसिद्ध चळवळीच्या कितीतरी आधी. तो कर गेला कधी, तर १९२५ मध्ये मालकांनी साडेअकरा टक्के पगारकपात केली, गिरणगावात महिनोन्महिने संप चालला, आणि त्या डिसेंबरात सरकारने हा कर स्थगित केला, तेव्हा. कपातही मागे घेतली गेली. पुढच्या वर्षी कर कायमचा रद्द झाला.

असा इतिहास असलेल्या मुंबईत "परदेशी कापडावर जकात वाढवा" ही मागणी देशप्रेमाचीच वाटणार. मलाही तिथे असतो तर वाटली असती. १९३० मध्ये कायदा झाला: ब्रिटिश कापडावर १५ टक्के, इतरांवर २०. हा फरक नीट बघा. जकात भारताची, पण सवलत साम्राज्याला. मग आकडे चढत गेले. १९३१ अखेर इतरांवर ३१.२५ टक्के. ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के. एप्रिल १९३३ मध्ये १९०४ पासून चालत आलेला जपानबरोबरचा व्यापारकरार मोडत असल्याची नोटीस दिली, आणि जूनमध्ये जकात ७५ टक्के. "इतर" असा शब्द कायद्यात असला तरी निशाणा कोणावर आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

जपानने उत्तर दिलं त्याच जूनमध्ये. तिथल्या सूतगिरणी मालकांच्या संघटनेने ठरवलं: भारताचा कापूस घ्यायचा नाही. सरकारी हुकूम वगैरे काही नाही, व्यापाऱ्यांनीच एकत्र येऊन घातलेला बहिष्कार. अमेरिकेचा डॉलरही त्याच वर्षी घसरला होता, त्यामुळे तिथला कापूस घेणं त्यांना फार जड नव्हतं.

महिना लक्षात घ्या. जून. कापूस उत्पादकांच्या घरातल्या श्रोत्यांना मी काय म्हणतोय ते कळलं असेल. मृग बरसला की सरकी मातीत जाते. एकदा पेरणी झाली की पऱ्हाटी उपटून दुसरं काही लावता येत नाही. पुढचे सहा-सात महिने निंदण, डवरणी, वेचणी, सगळा खर्च होणार, आणि निम्म्या निर्यातीचं गिऱ्हाईक "आम्ही नाही घेत" म्हणून बसलेलं. त्याआधीच जागतिक मंदीने भाव पाडून ठेवले होते आणि सावकाराचं व्याज मात्र मंदीच्या आधीच्याच आकड्यावर चालू होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा बदल प्रॉडक्शनला गेला आणि गडबड झाली तर रोलबॅक करतात, दहा मिनिटांत जुनं व्हर्जन परत. शेतीत रोलबॅक नाही. जकातीचा निर्णय सिमल्यात एका सहीने होतो आणि त्याचा परिणाम पुढच्या एका अख्ख्या हंगामावर पसरतो.

सप्टेंबर १९३३ मध्ये जपानी शिष्टमंडळ सिमल्याला आलं आणि बोलणी सुरू झाली. भारत सरकारकडून पुढे होते व्यापार खात्याचे सदस्य सर जोसेफ भोर. हे मूळ नाशिकचे आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले. आरोग्यसेवेवरच्या भोर समितीचं नाव यूपीएससीवाल्यांनी पाठ केलेलं असेल, तेच हे भोर. बोलणी थंडीत दिल्लीला हलली आणि जानेवारी १९३४ मध्ये तोडगा निघाला. बहिष्कार उठला. करारावर लंडनमध्ये सही व्हायला जुलै उजाडला.

तोडगा वाचताना मला अक्षरशः कोड वाचतोय असं वाटलं. जकात ७५ वरून ५० टक्के. जपानने वर्षाला भारताचा १० लाख गाठी कापूस घेतला, तर त्याला ३२ कोटी ५० लाख यार्ड कापड विकता येईल. त्यापुढच्या प्रत्येक १० हजार गाठींमागे आणखी १५ लाख यार्ड. १५ लाख गाठींवर कमाल मर्यादा: ४० कोटी यार्ड, त्यावर नाही. गाठी कमी घेतल्या तर कोटा कापला जाणार. वर कोरं किती, काठाचं किती, धुतलेलं किती, रंगीत किती, हेही ठरलेलं. आधी ५८ कोटी यार्ड येत होतं, तेव्हा मुंबईच्या दृष्टीने हा विजयच.

हिशेब केला तर १० लाखांपुढची प्रत्येक गाठ म्हणजे १५० यार्ड कापड. साडेचारशे-पाचशे किलोमीटर आतल्या गावातला शेतकरी काय पिकवतोय ते आता दोन सरकारांमधलं चलन झालं होतं. सौदा त्याच्या कापसावर झाला, पण टेबलावर मुंबईचे गिरणीमालक, लँकेशायरची माणसं, जपानी उद्योग यांचेच सल्लागार जास्त. कापूसवाल्यांचा आवाज तिथे पोचला तो जपानच्या बहिष्कारामुळे. बहिष्कार नसता तर गाठींचा आकडा करारात आलाच नसता, हे माझं मत. आपल्या शेतकऱ्याचं महत्त्व आपल्या सरकारला परक्याने दाखवून द्यावं, यात जरा गंमत आहे आणि जरा चीडही.

शिवाय या शेतकऱ्याने किंमत दोनदा मोजली. कापूस विकताना एकदा. आणि कापड घेताना पुन्हा, कारण जपानी कापड हे गरिबाचंच कापड होतं. जकातीने ते महागलं.

बरं, मग जकातीचा पैसा गिरणी कामगाराकडे तरी गेला का? गिरणगावात लाखाहून जास्त लोक कामाला होते, त्यांच्या नोकऱ्या वाचवायच्या हा मुद्दा सारखा पुढे केला जायचा. प्रत्यक्षात १९३३-३४ मध्ये मुंबईत गिरण्या बंद पडत होत्या, पगार कापले जात होते, आणि कराराला तीन महिने होतात न होतात तोच एप्रिल १९३४ मध्ये कामगार सार्वत्रिक संपावर गेले. भिंत उंच झाली म्हणून आतल्या सगळ्यांना सावली मिळते असं नाही. लँकेशायरने मात्र आपली सोय करून घेतली. मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी यांनी ऑक्टोबर १९३३ मध्ये लँकेशायरच्या शिष्टमंडळाबरोबर वेगळा समझोता केला: जपानपेक्षा तुम्हाला जकात कमी, बदल्यात तुम्ही आमचा कापूस जास्त वापरा. अहमदाबादवाले यावर भयंकर चिडले. त्यांच्या लेखी हे सरळसरळ लोटांगण होतं.

करार पुढे टिकला का? कागदावर टिकला. १९३७ मध्ये ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाला, म्हणून कोटा २८ कोटी ३० लाख यार्डांवर आणून नूतनीकरण झालं. पण त्याच जुलैत जपान चीनशी उघड युद्धात उतरला. युद्धाला लागणारं परकीय चलन वाचवायचं म्हणून जपान सरकारने आयातीवर निर्बंध घातले आणि भारतीय कापसाची खरेदी धाडकन खाली आली. आता हा जकातीचा मुद्दाच नव्हता. जुलै १९४१ मध्ये ब्रिटन आणि भारताने जपानी मालमत्ता गोठवली. डिसेंबरात पर्ल हार्बर. पन्नासेक वर्षांचं गिऱ्हाईक सहा महिन्यांत शत्रू झालं, आणि आखूड धाग्याच्या गाठी वखारीत पडून राहिल्या.

१९४२ च्या सुरुवातीला सरकारने एक वटहुकूम काढला. बाहेरून येणाऱ्या लांब धाग्याच्या कापसाची मुंबईच्या गिरण्यांना गरज होतीच. त्या आयात कापसावर जादा जकात लावली, आणि त्यातून उभा राहणारा निधी आखूड धाग्याचा कापूस पिकवणाऱ्यांच्या मदतीसाठी ठेवला. मदत म्हणजे काय, तर त्यातली एक मोठी गोष्ट होती: कापूस सोडा, ज्वारी-बाजरी लावा.

मामांना हे सगळं व्हॉइस नोटमध्ये पाठवलं. अकरा मिनिटांची झाली. त्यांनी दुप्पट स्पीडवर ऐकली आणि विचारलं, "जपानवाले आता घेत नाहीत का आपला?"