चीक, गुंज आणि आतड्यातला पहारा

गाय किंवा म्हैस व्याली की शेजारीपाजारी चीक पोचतो आणि घरोघर खरवस होतो. पण जाणता शेतकरी पहिला चीक वासराला पिऊ देतो, मग उरलेला काढतो. चीक न मिळालेले वासरू धड जगत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. याउलट बाळंतिणीचे पहिले, पिवळसर आणि दाट दूध ‘जड असते’ म्हणून पिळून टाकायचे आणि बाळाला मध किंवा साखरेचे पाणी चाटवायचे, ही चाल आपल्याकडे अनेक ठिकाणी होती. काही घरांत ती आजही आढळते. वासराला जे हवे, ते बाळाला नको कसे? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला विज्ञानाला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. तो प्रवास आपण पाहू.

सुरुवात जर्मनीत झाली. १८९० च्या सुमारास पॉल अर्लिक हे शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करत होते. एरंडाच्या बीमध्ये रिसिन आणि सोनाराच्या गुंजेमध्ये अब्रिन हे जहाल विष असते. ही विषे उंदरांना अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत वाढवत दिली, तर पुढे मारक मात्राही ते पचवतात, असे अर्लिकना दिसले. ही प्रतिकारशक्ती पिलांत कशी उतरते? १८९२ मध्ये त्यांनी एक साधी युक्ती योजली. प्रतिकारक्षम मादीची पिले साध्या मादीकडे आणि साध्या मादीची पिले प्रतिकारक्षम मादीकडे दूध प्यायला ठेवली. जन्माने साधी असलेली पिले प्रतिकारक्षम मादीचे दूध पिऊन प्रतिकारक्षम झाली! संरक्षण देणारे काहीतरी दुधातून जाते, हे सिद्ध झाले. त्या ‘काहीतरी’ला आपण आज प्रतिपिंडे म्हणतो.

१९२२ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी काही वासरांना चीक मिळू दिला नाही. त्यांतली बहुतेक थोड्याच दिवसांत जंतुसंसर्गाने दगावली. शेतकऱ्याच्या अनुभवावर प्रयोगाचे शिक्कामोर्तब झाले. गायीच्या वारेतून प्रतिपिंडे वासराला मिळत नाहीत. ती त्याला चिकातूनच घ्यावी लागतात, आणि पहिल्या दिवसभरात त्याचे आतडे ती जशीच्या तशी रक्तात शोषून घेते.

आता अडचण आली ती माणसाच्या बाबतीत. आपल्याकडे प्रतिपिंडे आईच्या रक्तातून वारेमार्गे बाळाला जन्माआधीच मिळतात. शिवाय मानवी बाळाचे आतडे दुधातली प्रतिपिंडे रक्तात जवळजवळ शोषतच नाही. मग माणसाच्या चिकाला काम काय उरले? प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे, एवढेच धरून चालले तर उत्तर ‘काही नाही’ असेच येते.

पण हे गृहीतच अपुरे होते. त्याची एक खूण त्याच १९२२ साली मिळाली होती. आर्थर डेव्हिस यांनी जंतुजन्य आमांशाच्या रुग्णांचा मळ तपासला. आमांशाच्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे त्यांना मळात सापडली, आणि तीही रक्तात दिसण्याच्या काही दिवस आधी! रक्तात जे अजून नाही, ते रक्तातून झिरपून आतड्यात येणार कसे? म्हणजे आतड्याची स्वतःची काही व्यवस्था असली पाहिजे.

अशा व्यवस्थेची गरजही उघड आहे. आपली त्वचा साधारण दोन चौरस मीटर भरते. पचनमार्गाचे ओलसर अस्तर मात्र २०१४ च्या मोजणीनुसार सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या मैदानाइतके आहे. (जुन्या पुस्तकांत याहून कितीतरी मोठा आकडा आढळतो, तो आता मागे पडला आहे.) बहुतेक रोगजंतू शरीरात शिरतात ते तोंड, नाक, आतडे यांच्या अशाच अस्तरांतून. पहारा हवा तो या दारांवर.

हा पहारेकरी हाती लागायला १९५९ साल उजाडले. बेल्जियमच्या जोसेफ हेरेमन्स यांनी रक्तातून एक नवे प्रतिपिंड वेगळे केले. त्याला पुढे ‘इम्युनोग्लोब्युलिन ए’, थोडक्यात ‘आयजीए’, हे नाव मिळाले. रक्तात ते तुलनेने कमीच असते. १९६१ मध्ये स्वीडनच्या लार्स हॅन्सन यांना आईच्या दुधातले आयजीए रक्तातल्यापेक्षा वेगळे आढळले. १९६५ मध्ये अमेरिकेच्या थॉमस टोमासी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की लाळ आणि चीक यांसारख्या स्रावांतले आयजीए जोडीने असते आणि त्याला प्रथिनाचा एक जादा तुकडा चिकटलेला असतो. या तुकड्यामुळे पाचकरस त्याला सहज तोडू शकत नाहीत. आज आपल्याला माहीत आहे की निरोगी प्रौढ माणसाचे शरीर रोज काही ग्रॅम आयजीए तयार करते. इतर सर्व प्रकारच्या प्रतिपिंडांच्या बेरजेपेक्षाही जास्त. आयजीएचे मुख्य काम जंतूंना बांधून ठेवण्याचे. बांधलेला जंतू अस्तराला चिकटू शकत नाही आणि मळाबरोबर बाहेर पडतो.

हे आयजीए बनवते कोण? लहान आतड्याच्या भिंतीतल्या काही चकत्यांचे वर्णन स्वित्झर्लंडच्या योहान पेयर यांनी १६७७ मध्येच केले होते. त्यांना त्या स्राव पाझरणाऱ्या ग्रंथी वाटल्या. प्रत्यक्षात तिथे पांढऱ्या पेशींपैकी ‘बी पेशी’ दाटीने असतात. प्रत्येक बी पेशीच्या पृष्ठभागावर एका ठरावीक आकाराचे ग्राहक असतात, कुलपासारखे. चकतीच्या आवरणातल्या खास पेशी आतड्याच्या पोकळीतून जंतूंचे नमुने आत आणतात. ज्या बी पेशीच्या कुलपाला नमुन्याची किल्ली बसते, ती जागी होते, ‘टी पेशीं’च्या मदतीने भराभर विभागते आणि आयजीए बनवण्याची तयारी करते. मग ती लसीकेतून रक्तात जाते आणि फिरून पुन्हा आतड्याच्या भिंतीतच मुक्काम करते. १९७१ मध्ये क्रेग आणि सेब्रा यांनी एका सशाच्या चकत्यांतल्या पेशी किरणोत्सारित केलेल्या दुसऱ्या सशात सोडल्या. त्या दुसऱ्याच्या आतड्यात जाऊन वसल्या आणि आयजीए बनवू लागल्या.

शेवटचा दुवा १९७५ मध्ये जुळला. हॅन्सन यांच्या गटाने काही गर्भवतींना बाळंतपणाआधी एक निरुपद्रवी जंतू गिळायला दिला. बाळंतपणानंतर त्यांच्या चिकात नेमक्या त्याच जंतूविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी सापडल्या. म्हणजे आईच्या आतड्यात जाग्या झालेल्या पेशी तिच्या स्तनांपर्यंत जातात! आई ज्या घरात राहते, जे पाणी पिते, तिथल्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या दुधात उतरतात. ती बाळाच्या रक्तात जात नाहीत, हा त्यांचा दोष नव्हेच. आतड्यात राहणे हेच त्यांचे काम. नवजात बाळ स्वतः आयजीए जवळजवळ बनवत नाही. ती उणीव आई भरून काढते. पहिल्या दिवसांच्या चिकात दर लिटरमागे कित्येक ग्रॅम आयजीए असते. पुढे दुधाचे प्रमाण वाढते तसे ते एका ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे आपण पिळून टाकतो, तेच दूध सर्वांत मोलाचे. उलट मधातून मात्र घातक जंतूंचे बीजाणू पोटात जाऊ शकतात, म्हणून वर्षाच्या आतील बाळाला मध देऊच नये.

जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या ४१.८ टक्के मुलांनाच हे मिळाल्याचे दिसले. आपल्या वर्गातली मुले-मुली उद्याचे आईबाप आहेत. रोगप्रतिकारशक्तीचा धडा शिकवताना लसीच्या शेजारी चिकालाही जागा द्यावी, असे आम्हाला वाटते. खरवस कशाचा करतात आणि वासराला आधी का पाजतात, हे मुलांना घरी विचारून यायला सांगावे. धडा तिथूनच सुरू करता येईल.