छोट्या टँकमध्ये झपाट्याने पसरणारे कोरल: कोणते घ्यावेत, कुठे ठेवावेत आणि कोणते टाळावेत?

निळ्या लाइटखाली डुलणारं हिरवंगार 'गवत', मूठ उघडमीट करावी तसे हलणारे छोटे छोटे पंजे आणि मध्ये एखादा क्लाउनफिश. रीफ टँकच्या अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. खाली कमेंटमध्ये प्रश्न ठरलेला असतो: टँक लवकर भरायला कोणता कोरल घेऊ? दुकानातलं उत्तरही ठरलेलं: "हा घ्या, मरत नाही, बघता बघता दगड भरतो."

उत्तर खोटं नाही. पण 40-60 लिटरच्या टँकमध्ये दगड भरून झाल्यावर तो कोरल काय करणार, हे कोणी सांगत नाही. तो थांबत नाही. शेजारच्या दगडावर जातो, काचेवर चढतो, पंपाच्या जाळीत शिरतो. म्हणून कोरल घेताना 'किती वेगाने वाढतो' याआधी विचारायचा प्रश्न असा: हा पसरतो कसा, आणि मला तो थांबवता येईल का?

मुळात कोरल हा प्राणी आहे. आजीच्या अंगठीतलं पोवळं म्हणजे भूमध्य समुद्रातल्या तांबड्या कोरलचा सांगाडा. टँकमध्ये पसरणारे मात्र बहुतेक मऊ कोरल असतात. त्यांना दगडी सांगाडा बांधायचा नसतो, त्यामुळे पाण्यात रोज कॅल्शियम घालत बसावं लागत नाही. त्यांच्या पेशींमध्ये राहणारं सूक्ष्म शेवाळ प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. कमी देखभालीत ते भराभर वाढतात ते यामुळेच.

ग्रीन स्टार पॉलिप्स: गालिचा हवा, पण बेटावर

रील्समधलं हिरवं गवत ते हेच. खाली जांभळ्या रंगाची चिवट चटई असते आणि तिच्यातून हिरवे तुरे बाहेर येतात. पसरते ती चटई. ती जिथे टेकते तिथे चिकटते, आणि वाटेत दुसरा कोरल आला तर त्याच्यावरून जाते.

उपाय सोपा आहे. हा कोरल मुख्य दगडांच्या रचनेवर कधीच लावू नका. वाळूत एक सुटा दगड ठेवा, चारही बाजूंना चार-पाच बोटं अंतर सोडा आणि कोरल त्या 'बेटा'वर लावा. चटई कडेला आली की नखाने किंवा ब्लेडने सोलून काढता येते. दुसरा पर्याय म्हणजे टँकची मागची काच पूर्ण त्याला देऊन टाकायची. दिसतंही छान आणि मागचे पाइपही झाकले जातात. नवीन आणल्यावर काही दिवस तुरे बंद राहिले तर घाबरू नका, जागा बदलत बसू नका.

मशरूम: नवशिक्यांसाठी माझी पहिली पसंती

डिस्कोसोमा जातीचे मशरूम चपटे, निळे-लाल-हिरवे, पापडासारखे दिसतात. त्यांना कमी प्रकाश आणि मंद प्रवाह चालतो. पाण्यात थोडं नायट्रेट असलं तर उलट ते खुलतात. ते सरकत सरकत पुढे जातात आणि मागे तळव्याचा तुकडा सोडतात. त्या तुकड्यातून नवा मशरूम उगवतो. वेग बेताचा असतो, त्यामुळे चूक लक्षात यायला वेळ मिळतो. एक काळजी घ्या: नको झालेला मशरूम दगडावर कापून काढू नका, तळाचा भाग उरला तर एकाचे चार होतात. तो चिकटलेला दगडाचा टवकाच काढून बाहेर न्या.

झेनिया: पंजे हलवणारा

हा सतत उघडमीट करतो. का करतो, याचं उत्तर 2013 मध्ये इस्रायली संशोधकांनी लाल समुद्रातल्या त्याच्या एका जवळच्या जातीवर काम करून दिलं. या हालचालीमुळे कोरलभोवतीचं पाणी बदलत राहतं, प्रकाशसंश्लेषणातून साठलेला ऑक्सिजन बाहेर जातो आणि शेवाळाचं काम जास्त जोमाने चालतं.

बघायला याच्यासारखा दुसरा नाही, पण त्याच्या देठांच्या बुडातून नवे देठ फुटतात आणि तो दगडावरून चक्क 'चालतो'. आणि जितका वेगाने वाढतो, तितक्याच अचानक कधीकधी पूर्ण विरघळूनही जातो. लहान टँकमध्ये एवढं सगळं एकदम कुजलं की पाणी बिघडतं. टँक फक्त झेनियाचाच ठेवायचा असेल तर जरूर घ्या. मिश्र टँकमध्ये मी घेणार नाही. केनिया ट्रीचंही तेच. त्याच्या फांद्या आपोआप गळतात, प्रवाहासोबत वाहत जातात आणि जिथे अडकतील तिथे रुजतात. त्याला कुठलंही बेट अडवत नाही.

झोआन्थिड: रंग सुंदर, पण हा भाग नीट वाचा

बटणांसारखे रंगीत तुरे असलेले झोआ आणि त्यांचे थोडे मोठे, तपकिरी भाऊबंद पॅलिथोआ. शास्त्रीय अर्थाने ते खरे कोरल नाहीत, पण दुकानात त्याच रांगेत असतात. एकाला एक फुटत ते दगड व्यापतात.

यातल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. हवाईतल्या माउई बेटावर एका खडकाळ डबक्यातलं 'शेवाळ' भाल्यांच्या टोकांना लावायची जुनी दंतकथा होती. ते शेवाळ नसून पॅलिथोआ निघालं, आणि 1971 मध्ये त्यातून हे विष वेगळं केल्याचं संशोधकांनी जाहीर केलं. 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरातला टँक साफ करताना हवेत गेलेल्या या विषामुळे अख्खं कुटुंब हॉस्पिटलमध्ये पोहोचलं.

त्यामुळे कोरल असलेला दगड उकळत्या पाण्यात टाकणं, त्यावर गरम पाणी ओतणं, ब्रशने घासणं पूर्ण बंद. वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जातं. हाताळताना ग्लोव्हज आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी करा. नंतर ताप, श्वासाला त्रास, तोंडात धातूसारखी चव किंवा डोळ्यांची आग जाणवली तर थेट हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगा. घरात रांगतं मूल असेल तर पॅलिथोआ आणूच नका.

भारतात कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सर्व दगडी कोरल, काळे कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी-फॅन आहेत. म्हणजे वाघाच्याच यादीत. यात किमान 3 वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. म्हणून या लेखात मोंटिपोरा, बर्ड्सनेस्टसारखे वेगाने वाढणारे दगडी कोरल सुचवलेले नाहीत. इतर कोरल घेतानाही बिल आणि आयातीची कागदपत्रं मागा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान बघा. मालवणला फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरचा कोरलचा तुकडा 'टँकसाठी' उचलून आणणंही नको. दगड सिरॅमिकचे मिळतात.

पाणी आणि उन्हाळा

आधी टँक चार ते सहा आठवडे कोरलशिवाय चालवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच खरेदी. क्षारता 1.025 च्या आसपास आणि तापमान 24 ते 26 अंश ठेवा. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, त्यामुळे रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्याने घाला. आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. लहान टँक दुपारी पटकन तापतो. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, त्यापुढे चिलर लागतो, आणि त्याचा खर्च कोरलच्या खर्चाआधी धरायला हवा. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा.

जास्त झालेले तुकडे समुद्रात टाकू नका

व्हेनेझुएलात झेनियाच्याच कुळातला युनोमिया हा कोरल अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून समुद्रात गेला. मोचिमा नॅशनल पार्कच्या परिसरात त्याने तिथले मूळ कोरल झाकून टाकले. पुढे 2020 मध्ये तो हवाईतल्या पर्ल हार्बरमध्येही सापडला. टँकमधला तुमचा त्रास तिथे किलोमीटरमध्ये मोजला जातोय.

छाटलेले तुकडे दुसऱ्या हौशी माणसाला द्या किंवा दुकानात परत करा. कोणालाच नको असतील तर ग्लोव्हज घालून, ओलेच, जाड पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका. टँकचं काढलेलं पाणी नाल्यात किंवा खाडीत न सोडता टॉयलेटमध्ये ओता.